फलाटकाकांचा आवाज कुणी नेला?

१

माझी बायको सहजासहजी घाबरत नाही. ती स्पीच थेरपिस्ट आहे. ज्यांची वाचा गेली, बसली, अडखळली अशी माणसं दिवसभर तिच्यासमोर रडतात, चिडतात, आणि ही शांतपणे "पुन्हा एकदा म्हणू या हं" म्हणत बसते. त्यामुळे त्या सकाळी आतल्या खोलीतून तिची "अहो, जरा इकडे या हो" अशी हाक आली तेव्हा काहीतरी मोठं बिनसलंय हे मी ओळखलं. मी तोंडात ब्रश तसाच ठेवून धावलो.

"फलाटकाकांचं फोल्डर," ती म्हणाली.

"उघडत नाहीये?"

"उघडतंय. आत काही नाहीये."

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. फेस गिळला आणि तिसऱ्यांदा पाहिलं. पांढरंशुभ्र, रिकामं. कॉम्प्युटरवरचा कचऱ्याचा डबा उघडला, तोही कुणीतरी झटकून रिकामा केलेला.

फलाटकाका म्हणजे कोण, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. बसस्थानकावर उभी हयात "फलाट क्रमांक चारवर उभी असलेली गाडी..." असं सांगणारा तो भरदार आवाज म्हणजे फलाटकाका. त्या आवाजावर लोकांनी गाड्या पकडल्या, सुटल्या तर शिव्याही त्यालाच घातल्या. मग काकांच्या घशाला ते दुखणं लागलं आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. त्याआधी माझ्या बायकोने त्यांना रोज समोर बसवून वाक्यंच्या वाक्यं वाचून घेतली होती. "पिवळ्या छत्रीखाली घोडा का झोपला?" असली वेडगळ वाक्यं, कारण त्यांत भाषेतले सगळे आवाज यावे लागतात. त्या रेकॉर्डिंगवरून एक प्रयोगशाळा काकांचा आवाज घडवून देणार होती. काका फोनवर टाइप करणार, फोन त्यांच्याच आवाजात बोलणार.

तुम्ही म्हणाल, टाइपच करायचं तर बायकोला वाचून दाखवावं, आवाज कशाला हवा? तर काकूंना दिसत नाही. लहानपणापासूनच. काकांनी पाटीवर लिहिलेलं त्या वाचू शकत नाहीत, हातवारे बघू शकत नाहीत. सध्या काकांच्या फोनमधला तयार यांत्रिक आवाज त्यांच्यात निरोप्याचं काम करत होता, आणि काकू म्हणायच्या, "कुणी परका माणूस घरात शिरल्यासारखं वाटतं हो. अंग चोरून बसावंसं वाटतं."

ऑपरेशन होऊन गेलं होतं. काका आता पुन्हा एक अक्षरही बोलू शकणार नव्हते. प्रयोगशाळेकडे रेकॉर्डिंग पाठवायची मुदत आज संध्याकाळी सहाला संपत होती. ती चुकली की आमचा नंबर थेट पुढच्या वर्षी. आणि रेकॉर्डिंगच नसेल तर पुढचं वर्ष काय आणि पुढचा जन्म काय!

"हॅकर," मी कसाबसा म्हणालो. "बाहेरून कुणीतरी आलं."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. बाहेरून आमच्या घरापर्यंत रस्ता करून देणारा दीडशहाणा मीच होतो.

२

माझं चष्म्याचं दुकान आहे. संगणक हा माझा नाद. पेशंटचे आवाज कुठल्या परक्या कंपनीच्या ताब्यात द्यायचे नाहीत, असा बायकोचा हट्ट. म्हणून मी घरातच एक जुना कॉम्प्युटर कपाटात बसवून त्याचा सर्व्हर केला. आम्ही त्याला डबा म्हणतो.

डबा घरातल्या घरात छान चालायचा. पण फलाटकाका पडले भलतेच चोखंदळ. "मला घरी निवांत ऐकू दे, एखादं वाक्य पडलं असेल तर मी काढून टाकीन," असा त्यांचा धोशा. तेव्हा आवाज होता त्यांना, आणि त्या आवाजात केलेला हट्ट मोडायची कुणाची छाती! मग मी राउटरमध्ये शिरलो. राउटर म्हणजे घराचा दरवानच. बाहेरचं कुणी आत सोडत नाही. त्याला मी सांगून ठेवलं की अमुक नंबरच्या दारावर, म्हणजे पोर्टवर, कुणी आलं तर त्याला थेट कपाटातल्या डब्याकडे पाठव. बाहेरून यायला एक लिंक बनवली आणि काकांच्या घरच्यांसाठी एक पासवर्ड. त्या पासवर्डने ऐकता येई, उतरवून घेता येई, आणि नको ते पुसताही येई. झालं. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

"आणि दुसरी प्रत?" हा प्रश्न आत्यांनी दारातच विचारला, चपला काढायच्या आधी.

आत्या म्हणजे बायकोची आत्या. बायकोने फोन केला आणि त्या तडक आल्या. जन्मभर परीक्षा केंद्रांवर कॉपी पकडण्याचं काम केलेली बाई. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी समोरचा माणूस अजून खिशातली चिठ्ठी चाचपतो.

"दुसरी डिस्क होती," मी म्हणालो. "एकीवर जे होईल ते दुसरीवर आपोआप होतं."

"म्हणजे एकीवर पुसलं की..."

"दुसरीवरही पुसलं जातं."

"वा, जावईबापू. म्हणजे चोराला दोनदा यायचा त्रास नको."

मी मान खाली घातली. पुसलेलं परत आणायचे माझ्या माहितीतले सगळे उपाय मी करून बसलो होतो आणि हाती शून्य आलं होतं. दुकान बंद होतं. गिऱ्हाइकांचे फोन येत असणार, पण आमच्या तळमजल्यावरच्या मागच्या घरात मोबाइलची रेंजच येत नाही. शांतता हवी म्हणून बायकोने ही जागा निवडली, आणि फोन करायला आम्ही फाटकाबाहेर उभे राहतो. आत सगळं वायफायवर.

"डबा काही सांगतो का? कोण आलं, कोण गेलं?"

"एवढंच सांगतो की काल संध्याकाळी कुणीतरी बाहेरून लिंकने आलं आणि सगळं पुसलं."

"पासवर्ड किती वेळा चुकला?"

मी डब्यातली नोंद दोनदा वाचली.

"एकदाही नाही," मी म्हणालो.

आत्यांनी आता चपला काढल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "मग हॅकरला सोडून दे बिचाऱ्याला. हे घरातलंच कुणीतरी आहे."

३

पासवर्ड माहीत असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मी, बायको, काका, काकू आणि काकांचे भाऊ, ज्यांना सगळं गाव धाकटे म्हणतं. राउटरवाल्याचं नाव मी घुसवून पाहिलं. गेल्या आठवड्यात जुना राउटर बंद पडला म्हणून त्यानेच नवा बसवला होता.

फाटकाबाहेर जाऊन त्याला फोन लावला तर तो माझ्यावरच उखडला. "साहेब, मी राउटर बसवतो. तुमच्या कपाटात काय आहे ते मला काय माहीत? पोर्ट उघडं तुम्ही ठेवलंत, मी तर म्हटलं होतं बंद ठेवा!"

"म्हटला होता?" आत्यांनी मला विचारलं.

"म्हटला होता," मी म्हणालो. मला रडू यायचंच बाकी होतं.

धाकटे बसस्थानकाच्या कँटीनमध्ये भेटले. भावाच्या अगदी उलट. किरकोळ अंगाचे, चिरका आवाज आणि तोंड एक मिनिट बंद नाही. बातमी ऐकून मात्र त्यांच्या हातातला चहाचा कप बशीवर आपटला.

"गेलं? सगळं? अहो, दादाला कळलंय का? तो मरेल हो!"

"अजून सांगितलं नाही. तुम्ही शेवटचं ते रेकॉर्डिंग कधी ऐकलंत?" आत्यांनी विचारलं.

"मी कुठला ऐकतोय? ती लिंक मला कधी धड उघडताच आली नाही. पासवर्ड दादाने सांगितला, मी विसरलो. पुन्हा सांगितला, पुन्हा विसरलो. मला काय करायचंय, मी तर तयार आवाजाची वाट बघत होतो. नमुनाच काय झकास होता, काय हो?" धाकट्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढ्या काळजीतही त्यांना हसू फुटलं. "तुम्ही होतात ना त्या दिवशी?"

होतो ना. चार दिवसांपूर्वी प्रयोगशाळेचा माणूस काकांच्या घरी नमुना दाखवायला आला होता. पहिल्या दिवसाच्या थोड्या वाक्यांवरून केलेला कच्चा आवाज, पण ऐकल्यावर अंगावर काटा आला. थेट काका! सगळे वाहवा करत असताना धाकट्यांनी हळूच त्याने आणलेलं टाइप करायचं यंत्र ओढून घेतलं आणि टाइप केलं, "ऐकतेस का? माझा चष्मा कुठे ठेवलास?"

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा असा काही उजळला! "तुमच्या उशाशीच आहे की, राजा," त्या म्हणाल्या.

मग काय, हशाच हशा. काकासुद्धा बिनआवाजाचं हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकूंना कळलं तेव्हा त्याही हसल्या आणि "काय भाऊजी, वाह्यातपणा!" म्हणून आत गेल्या.

"तेव्हापासून मी दादाला राजाच म्हणतो," धाकटे म्हणाले. "वहिनी नुसती चिडते!"

आत्या हसल्या नाहीत. उठताना त्यांनी एवढंच विचारलं, "चिडते म्हणजे काय करते?"

धाकटे क्षणभर गोंधळले. "काही नाही. गप्प बसते."

४

काकांना सांगायचं काम माझ्या बायकोने केलं. मला ते बघवलं नाही. एवढा धिप्पाड माणूस, गळ्याला पट्टी, हातात पाटी. त्यांनी ऐकलं आणि पाटीवर लिहायला खडू टेकवला, पण लिहिलंच नाही काही. नुसताच टेकवून बसले.

आत्यांनी त्यांना धीराने विचारलं. तुम्हाला आवडली नाहीत म्हणून तुम्ही वाक्यं पुसत होतात ना? चुकून सगळीच पुसली गेली असतील?

काकांनी जोरजोरात मान हलवली. पाटीवर लिहिलं : एकेक ऐकून पुसायचो. तेही ऑपरेशनच्या आधी. नंतर नाही.

"नंतर का नाही?"

काकांनी फडक्याने पाटी पुसली, पुन्हा लिहिलं : ऐकवत नाही.

ज्याला स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तो ते फोल्डर उघडेल कशाला? आणि पुसायचाच असता तर रोज मेहनत करणाऱ्या माझ्या बायकोला तोंडावर नाही म्हणून सांगितलं असतं. काका लपूनछपून काही करणाऱ्यातले नव्हेत.

काकू शेजारीच बसल्या होत्या. पाठ ताठ, हात मांडीवर. बायको त्यांना म्हणाली, "काकू, तुम्ही ऐकायचात ना लिंकवर? काही वेगळं जाणवलं होतं का इतक्यात?"

"नाही बाई. रोज ऐकत होते, छान लागायचं. परवापर्यंत सगळं होतं."

"काल?"

"काल तुमच्याकडेच तर होतो आम्ही तपासणीला. मी बैठकीत बसून ऐकलं की थोडं. हे चष्मेवाले होते तिथे, विचारा."

खरंच होतो. काकांना बायकोने आत नेलं होतं आणि काकू बैठकीत कोचावर बसल्या होत्या. फोन कानाशी धरलेला, अगदी बारीक आवाज. मी पाणी घेऊन गेलो तेव्हा "पिवळ्या छत्रीखाली" ऐकू आलं आणि काकूंचे ओठ त्याबरोबर हलताना दिसले. मी म्हटलं, "काय काकू, लिंक नीट चालते ना?" त्या म्हणाल्या, "हो, छान चालते." एवढंच.

मी तसं सांगितलं. आत्यांनी मान डोलावली आणि घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून गेले होते.

"म्हणजे काल दुपारपर्यंत सगळं जागेवर होतं," आत्या बाहेर पडल्यावर म्हणाल्या. "आणि कुणालाच ते नको नव्हतं. एकाला तो ऐकवत नाही, एकाला पासवर्ड आठवत नाही, एक रोज प्रेमाने ऐकते. मग पुसलं कुणी, भुताने?"

मला फक्त सहा वाजताना दिसत होते.

५

घरी आल्यावर आत्या बैठकीत कोचावर टेकल्या आणि म्हणाल्या, "आण तुझी ती लिंक. मला बघू दे तरी, काय प्रकरण आहे ते."

मी त्यांच्या फोनवर लिंक पाठवली आणि स्वयंपाकघरात चहा टाकायला गेलो. खरं तर मला दोन मिनिटं एकट्याने हताश व्हायचं होतं.

"अरे जावईबापू! हे काय भलतंच येतंय?"

जाऊन पाहिलं तर त्यांच्या फोनवर राउटरचं स्वतःचं पान उघडलं होतं. नाव विचारत होतं, पासवर्ड विचारत होतं, राउटर बनवणाऱ्या कंपनीचं चित्र मिरवत होतं.

"ते घरात असंच येतं," मी म्हणालो. "तुम्ही आमच्या वायफायवर आहात ना. लिंक बाहेरच्यांसाठी आहे. घरातून तीच लिंक मारली की राउटरला वाटतं आपल्यालाच बोलावताहेत, आणि तो आपलंच तोंड पुढे करतो. डब्याकडे पाठवत नाही. आपल्याच घराची घंटा वाजवायची तर आधी बाहेर जावं लागतं, तसं. घरातल्यांसाठी आतला नंबर वेगळा आहे, तो आम्हा दोघांनाच ठाऊक. जुना राउटर शहाणा होता, तो आतून मारलेली लिंकही बरोबर फिरवून डब्याकडे न्यायचा. हा नवा आला तसा..."

मी बोलता बोलता थांबलो, कारण आत्यांनी हात वर केला होता. परीक्षेच्या हॉलमध्ये असाच करत असणार.

"नवा आला कधी?"

"गेल्या आठवड्यात."

"आणि तुमच्या या घरात मोबाइलची रेंज नाही."

"नाही. काकूंचा फोनही आमच्या वायफायवरच असतो. मीच जोडून दिला होता."

"आणि काल काकू इथे, या कोचावर बसून, ऐकत होत्या."

मी म्हटलं, "हो, लिंकवर..." आणि आत्यांच्या फोनवरच्या त्या पानाकडे पाहिलं.

आत्या फार हळू बोलल्या. "कॉपी कशी पकडायची, सांगू? चुकलेल्या उत्तराकडे बघायचंच नाही. चुकणारे सगळेच असतात. ज्याला येणं शक्यच नाही त्याचं उत्तर बरोबर आलं, की तिथे थांबायचं. धाकटे म्हणाले, लिंक उघडत नाही. ते कुणीही म्हणेल. काका म्हणाले, ऐकवत नाही. तेही खरं धरू. पण इथे बसून कुणालाच लिंक उघडत नव्हती, आणि ही एकटी बाई म्हणते छान चालते."

"पण मी स्वतः ऐकलं, आत्या! काकांचाच आवाज होता. तेच वाक्य."

"होताच. मग तो डब्यातून आला नसेल तर कुठून आला?"

मी कपाळावर हात मारला. रोजचीच गोष्ट असल्यामुळे माझ्या डोक्यात शिरलीच नव्हती. जुन्या राउटरच्या दिवसांत काकू याच कोचावर बसून लिंकवर ऐकायच्या. मधे राउटर बदलला, घराची रीत बदलली, हे त्यांना कळायचं कारणच नव्हतं.

"त्यांच्या फोनमधून," मी म्हणालो. "आत्या, त्यांनी ते आधीच उतरवून घेतलंय. सगळं त्यांच्याकडे आहे!"

"असावं," आत्या म्हणाल्या. "आता ती बाई ते देते का, हा प्रश्न आहे. पाच वाजायला आले. चहा राहू दे."

६

काकू स्वयंपाकघरात भाजी निवडत होत्या. काका पुढच्या खोलीत खिडकीशी बसले होते, बायको त्यांच्याजवळ थांबली. आत्या आणि मी आत गेलो. पायांच्या आवाजावरूनच काकूंनी ओळखलं.

"दोघंच आलात," त्या म्हणाल्या. "म्हणजे कळलं तुम्हाला."

आत्यांनी उगाच आढेवेढे घेतले नाहीत. राउटर बदलल्याचं सांगितलं. कालचं "छान चालते" सांगितलं. काकू ऐकत राहिल्या, देठ मोडत राहिल्या.

"फोन पुसलात का?" मी विचारलं.

"तो कसा पुसेन?" काकू एकदम चिडून म्हणाल्या. "वेड लागलंय का मला? तो माझ्या नवऱ्याचा आवाज आहे!"

"मग डब्यातला का पुसलात?"

त्यांनी भाजी बाजूला सारली. हात पदराला पुसले. मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत उभा होतो.

"तुमच्या दारावर कुणी आलं तर तुम्ही भोकातून बघता," काकू म्हणाल्या. "मी विचारते, कोण? हे म्हणतात, मी. मी कडी काढते. सगळा जन्म असा गेला माझा. मला यांचं नाक माहीत नाही, रंग माहीत नाही. मला तो 'मी' माहीत आहे. आणि त्या दिवशी भाऊजींनी यंत्रातून चष्मा मागितला आणि मी... सगळ्यांसमोर..."

आत्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

"हसले सगळे. हेही हसले. मीही हसले, काय करणार? पण रात्रभर डोक्यात तेच. चव्हाट्यावर आणला हो माझा नवरा. ज्याच्या हातात ते यंत्र, तो माझा नवरा! उद्या हे बाहेर गेले असताना कुणी दाराशी येऊन यांच्याच आवाजात म्हणालं, उघड गं, मी आहे. तर मी उघडीन हो. धावत जाऊन उघडीन."

मग माझ्यातला नादिष्ट जागा झाला आणि मी म्हणालो, "काकू, फोनला काकांच्या अंगठ्याचं कुलूप लावता येतं. दुसरं कुणी..."

"तुमची कुलपं राहू द्या. पासवर्ड होताच ना तुमच्या डब्याला? मी शिरलेच की."

बरोबरच होतं.

तेवढ्यात काकूंनी मान वळवली. "आणि हे मघापासून दारात उभे आहेत, त्यांना आत या म्हणावं. श्वास ऐकू येतोय मला."

खरंच, फलाटकाका दारात उभे होते. मागे माझी बायको, तोंडावर हात ठेवून. किती ऐकलं होतं कोण जाणे; चेहऱ्यावरून वाटलं, सगळं. ते आत आले, पाटावर काकूंच्या समोर बसले आणि फोनवर टाइप करू लागले. मग तो फोनमधला यांत्रिक परका आवाज, सपाट, बिनचेहऱ्याचा, त्या स्वयंपाकघरात म्हणाला :

"मी हसायला नको होतं. तुला नको असेल तर आवाज नको. मी असाच राहीन."

"असाच म्हणजे?" काकू कडाडल्या. "मुका? आणि मी या परक्याशी संसार करू? इतकी वर्षं मला एक मिनिट शांतता दिली नाहीत, आणि आता म्हणे असाच राहीन! मला आवाज नको असता तर मी उशाशी घेऊन झोपले असते का तो?"

काका टाइप करायला गेले. काकूंनी चाचपून त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. मी सांगते ते ऐका. माझा हात हातात घेतल्याशिवाय त्या आवाजात माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. दुसऱ्या खोलीतून नाही, दाराबाहेरून नाही. हात नसेल तर ते तुम्ही नाही. मी उत्तर देणार नाही, दार उघडणार नाही. कबूल असेल तर फोन घ्या. आवाज तुमचा आहे, तुम्हीच द्या यांना."

आणि त्यांनी आपला फोन पुढे केला, माझ्याकडे नव्हे, नवऱ्याकडे.

काकांनी आधी फोन घेतला नाही. काकूंचा हात घेतला, दोन्ही हातांत धरला आणि त्या पट्टी बांधलेल्या गळ्याशी नेऊन मान हलवली, हो, हो, हो. काकूंच्या बोटांना ते कळलं.

"बरं, बरं," त्या म्हणाल्या. डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसल्या, "आणि तुम्ही काय बघत उभे आहात? मुदत आहे ना तुमची कसली ती? पळा की!"

पळालो. रेकॉर्डिंग मुदतीच्या आत पोचलं. घरी येऊन पहिल्यांदा मी राउटरमधलं ते दार बंद केलं.

आवाज तयार होऊन आला त्या दिवशी काकांच्या घरी सगळे जमलो होतो. धाकटे भावाच्या शेजारी येऊन बसले होते, पण हात मागे बांधून. वहिनीची माफी मागून झाली होती. काकांनी उजव्या हातात काकूंचा हात घेतला आणि डाव्या हाताने, एकेक अक्षर शोधत, टाइप करायला सुरुवात केली. आम्ही सगळे पुढे सरकून बसलो.

"थांबा," काकू म्हणाल्या. "आधी हे सगळे बाहेर."

"अगं वहिनी, पहिलंच वाक्य आहे, आम्हाला ऐकू दे की!" धाकटे कळवळून म्हणाले.

"बाहेर, भाऊजी."

आम्ही निमूटपणे बाहेर जिन्यावर येऊन उभे राहिलो. आतून कडी लागली. थोड्या वेळाने बंद दाराआडून तो आवाज आला, भरदार, ओळखीचा. शब्द कळत नव्हते. मग काकूंचं काहीतरी बारीक आवाजात, मग पुन्हा तो. धाकट्यांनी दाराला कान लावला. आत्यांनी त्यांची कॉलर धरून त्यांना बाजूला ओढलं आणि आम्हा सगळ्यांना पुढे घालून जिना उतरायला लावला.